पावती फाडू, का मिटवायचं?

शनिवारी पहाटे चारला तावडे हॉटेलजवळून गाडी हायवेला लावून गोव्याला सुटणाऱ्या तमाम एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगच्या मंडळींना आधी दंडवत, मग थोडा सल्ला.

कागदपत्रं घरातच ठेवा. आरसी, विमा, पीयूसी कपाटात लग्नाच्या अल्बमखाली कसं सुखरूप राहतं. मोबाईलमध्ये डिजिलॉकरवर असलं तरी चालतं, २०१८ पासून नियमातच तशी सोय आहे. पण सगळे कागद असलेल्या माणसाला नाक्यावरच्या शिट्टीची काय मजा? काच खाली, कागद पुढं, आणि चालू पडायचं. परत आल्यावर कट्ट्यावर सांगणार काय?

कागल सुटलं की निपाणी, म्हणजे कर्नाटक. आजऱ्याला परत महाराष्ट्र. आंबोली उतरून बांद्याच्या पुढं पत्रादेवी, म्हणजे गोवा. तीन राज्यं झाली आणि सकाळच्या मिसळीचा ढेकर अजून यायचाय. मधल्या पट्ट्यात सीमाप्रश्न तापलेला असेल तर मुद्दाम तिकडूनच जा. (महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तुमच्या शनिवारपर्यंत काही निकाल लागत नाही.) डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडीला आपल्या पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले आणि एसटीनं तिकडच्या फेऱ्या बंद ठेवल्या. एसटीचं सोडा हो, ती सरकारी, भित्री. तुमच्या मागच्या काचेवर तर ‘नाद करायचा नाय’ लिहिलंय. दगडाला वाचता येत असणारच.

आंबोलीत धुकं असेल तर ऐन वळणावर गाडी लावून फोटो काढा. कावळेसादच्या दरीला कठडा आहे तो बसायलाच बांधलाय, असं समजा.

गोव्यात पोचल्यावर भाड्याची दुचाकी घ्याल. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली घेऊ नका, ती रीतसर परवान्याची असते. शंभर रुपये स्वस्त म्हणून कुणाच्या तरी मेव्हण्याची पांढऱ्या पाटीची घ्या. अडवल्यावर ‘मित्राची गाडी आहे’ म्हणायचं. मित्राचं नाव विचारलं की आभाळाकडं बघायचं.

हेल्मेट? आपल्याकडं तो कोपरात घालायचा दागिना. तिथंही तसाच घाला, म्हणजे मुख्य विधीला सुरुवात होते.

मी आणि आमचे दाजी एका चौकात असेच थांबलो होतो. ट्रॅफिकच्या साहेबांनी पावतीपुस्तक काढलं, पण उघडलं नाही. म्हणाले, “पावती फाडू, का मिटवायचं?” दाजींनी छाती काढून सांगितलं, “साहेब, आम्ही कोल्हापूरचे.” परवाना दाखवावा तसं. साहेब म्हणाले, “ते बोलण्यावरनंच कळलं.” मग दाजी जे बसले, ते मंडईत भेंडीला बसतात तसे. केंद्राच्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून विनाहेल्मेटला १००० रुपये दंड आहे. दाजींनी ते ३०० वर आणलं. रोख नव्हती, म्हणून समोरच्या टपरीवर स्कॅन करायला लागलं. टपरीवाल्यानं न विचारता दोन बडीशेपच्या पुड्या दिल्या. हीच काय ती पावती.

७०० वाचले म्हणून दाजी खुशीत. पुढच्या चौकात पुन्हा शिट्टी. बडीशेपची पुडी तिथं चालत नाही. आणखी ३००. संध्याकाळी बीचवरनं येताना तिसऱ्यांदा. तरी दाजींचा हिशेब पक्का: “शंभर वाचलेच की!” सातशेचं हेल्मेट घ्यावं, असं मी म्हणालो, तर म्हणाले, “उगाच खर्च कशाला?”

एक मात्र करू नका. मोटार वाहन कायद्यातलं कलम २१०ब तिथं बोलून दाखवू नका. कायदा राबवणाऱ्यानंच तो मोडला तर दंड दुप्पट, असं ते कलम आहे. बिनहेल्मेटच्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाही.

परतीला बाटल्या आणाच. लेबलवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ छापलेलं असतं, ते मोठ्यानं वाचा आणि बाटली स्टेपनीखाली सरकवा. ही जागा आपल्यालाच सुचली, असं प्रत्येकाला वाटतं, आणि तपासणारा आधी तिथंच हात घालतो. आपल्या बाजूला १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. बाटली सातशेची, जप्तीला लागते ती सात लाखांची गाडी.

घरी आल्यावर तक्रार? छे. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. बळजबरीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं की सुटका. महाराष्ट्रात त्याला १०६४ हा नंबर आहे, पण टपरी तर सीमेपलीकडं. मग तिकडचा नंबर शोधा, दाजी कुणाकडनं तरी मागवतायत.

तोवर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आमच्या दाजींनी ही हकीकत रोज सांगितली. पहिल्या दिवशी साहेबांनी हजार मागितले होते, चौथ्या दिवशी पाच हजार. सातव्या दिवशी साहेबांनीच दाजींना चहा पाजला.