गिनेसला गोडबोले का जमले नाहीत

ब्रिटिश अभिनेता अॅलेक गिनेस म्हटलं की बहुतेकांना 'स्टार वॉर्स' आठवतो. त्याच्या कामाचा तो अगदी छोटा तुकडा. सुरुवात करावी ती १९४९ च्या 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स'पासून. एकाच खानदानातल्या आठ भूमिका, त्यात एक बाईसुद्धा. चर्चमधल्या एका शॉटमध्ये त्यातले सहाजण एकत्र दिसतात. छायालेखक डग्लस स्लोकोम्बने लेन्सवर मास्क लावून फ्रेमचा एकेक भागच उघडा ठेवला. गिनेस एका वेशात तिथे बसायचा, मग फिल्म मागे घ्यायची, दुसरा वेश, दुसरी जागा. हे काही दिवस चाललं. मध्येच कॅमेरा केसभर जरी हलला असता तरी जोड उघडे पडले असते, म्हणून स्लोकोम्ब स्टुडिओतच झोपायचा. करामत कॅमेऱ्याची खरी, पण सहा माणसं निराळी वाटतात ती मान आणि हनुवटी धरण्याच्या पद्धतीमुळे.

गिनेसला आधी भूमिकेची चाल सापडावी लागे. 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मध्ये (१९५७) तापलेल्या पत्र्याच्या कोठडीतून कर्नल निकोल्सन बाहेर येतो, ती चाल पोलिओतून सावरणाऱ्या स्वतःच्या मुलाची आहे. ऑस्कर याच भूमिकेला मिळालं.

मग १९८४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया'त त्याने केलेले प्रोफेसर गोडबोले का फसले? मूळ कादंबरीत फॉर्स्टरने पागोटं, धोतर, अगदी मोज्यांवरची नक्षीसुद्धा लिहून ठेवली होती. दिग्दर्शक डेव्हिड लीनने त्यांचं नृत्य संकलनात कापलं आणि गिनेस दुखावला, हे खरं. पण दोष कात्रीचा नाही. चेहऱ्याला रंग फासणं चूकच होतं, आणि वर नकलेला समोर माणूसच नव्हता. गोडबोले दख्खनी ब्राह्मण, पण बोलण्यात ना कोकण ना पुणं, नुसता ठरीव 'हिंदी साधू' हेल. शेजारी व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ असल्यावर तो जास्तच खुपतो.

त्याच्या पाचच वर्षं आधी बीबीसीच्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'मध्ये त्याने जॉर्ज स्मायली हा गुप्तहेर केला होता. त्यासाठी एमआय-सिक्स या ब्रिटिश गुप्तहेर संस्थेचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफिल्ड यांच्याबरोबर जेवायला बसून त्याने त्यांच्या लकबी टिपल्या. मालिकेच्या सात भागांपैकी पहिल्यातला, मार्टिंडेल या बडबड्या ओळखीच्या माणसाबरोबरचा स्मायलीचा जेवणाचा प्रसंग जरूर बघा. समोरचा अखंड बोलतोय आणि गिनेस फक्त ऐकतोय. त्या वेळी नजर मार्टिंडेलवर नाही, गिनेसवर ठेवा.