निपाणीच्या सरांना उत्तर: खोट्याला इस्त्री आणि बाकीचं

सर नमस्कार. कमेंट परवा रात्रीच वाचली, पण लगेच लिहिलं असतं तर वाकडं गेलं असतं म्हणून दोन दिवस गप बसलो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, जनसंपर्काच्या, म्हणजे पीआरच्या इतिहासावरच्या माझ्या पोस्टवर सरांचं म्हणणं असं की एक, आयव्ही ली ह्या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या पीआरवाल्याला मी देव्हाऱ्यात बसवलाय. दोन, रिसर्च-प्लॅनिंग ह्या एसीतल्या गप्पा, टिळकांनी १९१६ ला बेळगावात होमरूल लीग काढली तेव्हा कुठला सर्व्हे केलेला? आणि तीन, पीआर म्हणजे शेवटी पैसे घेऊन खोट्याला इस्त्री करणं.

पहिला मुद्दा सपशेल मान्य. मी १९०६ सालावरच रमलो. अटलांटिक सिटीजवळ रेल्वे पुलावरून पाण्यात गेली, पन्नासहून जास्त माणसं गेली, आणि तोपर्यंत अशा वेळी तोंड लपवणाऱ्या रेल्वे कंपनीला लीने माहिती स्वतःहून पेपरवाल्यांच्या हातात द्यायला लावली, प्रेस नोटचा जन्म तिथला मानतात. हे सगळं खरंय. पण १९१४ चं लडलो गावचं हत्याकांड मी गाळलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत बडा उद्योगपती रॉकफेलरच्या खाणीतले कामगार संपावर, बायकापोरांसकट तंबूत राहायलेले, २० एप्रिलला त्या तंबूंवर गोळ्या चालल्या, आग लागली, मुलं मेली. त्यानंतर रॉकफेलरतर्फे बुलेटिनं काढायला कोण, तर हाच ली. त्यात चुकीची माहिती गेली, आणि सरकारी चौकशीत विचारल्यावर त्याने कबूल केलं की कंपनीने जे दिलं ते मी स्वतः तपासलं नव्हतं. लेखक अप्टन सिंक्लेअरने त्याचं नाव पॉयझन आयव्ही ठेवलं, ती एक वेल असते, अंगाला लागली की खाज, आपल्या खाजकुइलीची चुलतबहीणच समजा.

आता इथे जरा थांबा सर, कारण तुमचा दुसरा मुद्दा इथंच अडतोय. ली फसला कुठे? न विचारता, न बघता लिहिण्यात. म्हणजे रिसर्च नव्हता म्हणूनच तर खोटं छापलं गेलं की!

पण रिसर्च केला म्हणजे माणूस साधू झाला असंही नाही, हे तुमच्या बाजूने मीच सांगतो. एडवर्ड बर्नेज, हाही अमेरिकेतला पीआरवाला, मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडचा भाचा. सिगारेट कंपनीला बायका गिऱ्हाईक म्हणून पाहिजे होत्या, तर ह्याने मनोविश्लेषण करणाऱ्या डॉक्टरला गाठून आधी विचारलं की बायकांना सिगारेट म्हणजे काय वाटतं, आणि १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पोरींच्या हातात पेटत्या सिगारेटी देऊन त्याला स्वातंत्र्याच्या मशाली म्हणून फोटो छापून आणले. अभ्यास एक नंबर, प्लॅन एक नंबर, आणि काम? तंबाखूच्या गावातल्या माणसाला मी काय सांगू. ग्रुनिग आणि हंट या अभ्यासकांनी १९८४ ला पीआरचे चार प्रकार मांडले त्यातला फरक मला इथं पटतो. लोकांना विचारायचं ते त्यांना आपल्याकडे वळवायला, की त्यांचं ऐकून आपणही थोडं वळायला? बर्नेजने विचारलं पण कंपनी तसूभर हलली नाही.

टिळकांचं म्हणाल तर, अहो १८८१ ला एकाच मंडळींनी दोन पेपर काढले, केसरी मराठीत आणि मराठा इंग्रजीत. कोणाला काय, कुठल्या भाषेत सांगायचं याचा हिशोब डोक्यात असल्याशिवाय दुप्पट खर्च कोण करतं? फॉर्म भरून घेतला नाही एवढंच.

एसीचं मात्र लागलं मला, म्हणून माझीच फजिती सांगतो. आपल्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली एक पतसंस्था, नाव सांगत नाही. सभासदांकडून नवीन केवायसीचे कागद पाहिजे होते, मी झकास मराठीत पत्रक लिहिलं, ‘सभासदांनी अद्ययावत ओळखपत्रे सादर करावीत’ वगैरे, दोनदा वाटलं, पेपरातही आणलं. कोण येईना. चेअरमन म्हणाले बॅनर लावू बस स्टँडला. मी पेपरातल्या कटिंगा फाईलला लावून किती कॉलम सेंटीमीटर, म्हणजे किती जागा छापून आली ते मोजत होतो, म्हणजे माझी अक्कल बघा.

मग एक दिवस पहाटे तिथल्या दूध डेअरीवर जाऊन बसलो. एका आज्जींनी कॅन ठेवला, त्याच्या झाकणाखाली गळू नये म्हणून माझंच पत्रक चौघडी करून लावलेलं! म्हटलं आज्जी हे वाचलं काय? तर म्हणाल्या, ‘मला कुठलं वाचाय येतंय, सून वाचती, पण ती बैलहोंगलची, तिला कन्नड येतंय.’ नातू कन्नड शाळेत. म्हणजे घर बोलणार मराठी आणि घरात आलेली चिठ्ठी वाचणारी दोन्ही माणसं कन्नडवाली. हे आपल्या भागात राहून मला सुचू नये? बरं तेवढ्यावर संपलं नाही. बाजूचा एकजण म्हणाला, कळलंय हो सगळ्यांना, पण कागद दिले की कोणाच्या तरी कर्जाला जामीन घालतात. तेव्हा ट्यूब पेटली. पत्रक दोन भाषांत काय, दहा भाषांत काढलं तरी ही भीती जाणार नव्हती.

मार्स्टन नावाच्या अभ्यासकाने १९६३ ला पीआरच्या कामासाठी रेस नावाची चौकट दिली, रिसर्च, ॲक्शन, कम्युनिकेशन, इव्हॅल्युएशन. त्यात दुसरं ॲक्शन आहे, जाहिरात नव्हे, म्हणजे बोलायच्या आधी संस्थेने स्वतः काहीतरी करायचं. आम्ही काय केलं, कागद घेताना ‘फक्त केवायसीसाठी’ असा शिक्का त्या झेरॉक्सवर सभासदासमोर मारायचा आणि सहीची पोच द्यायची. चेअरमन आधी कुरकुरले, शिक्क्याला कितीसा खर्च, पण क्लार्कचा वेळ जातो म्हणे. शेवटी ऐकलं. मग पत्रक, एका बाजूला मराठी, मागे कन्नड, चार ओळी, शिक्क्याचं चित्र. आणि मोजायचं ते कटिंग नाही, महिनाअखेर किती जणांनी कागद दिले ते. ह्यावेळी डेअरीवरचीच माणसं आधी आली, आज्जी सुनेला घेऊन.

म्हणून तिसऱ्या मुद्द्याला अर्धा होकार. इस्त्री करणारे आहेतच, मीही पत्रकाला इस्त्रीच करत बसलो होतो.

लडलोचा परिच्छेद आज रात्री पोस्टमध्ये घालतो. तुमच्याकडे १९८१ च्या तंबाखू आंदोलनातली पत्रकं असतील असं कमेंटवरून वाटलं, असली तर बघायला निपाणीला येतो, रविवारी चालेल काय?