‘कोर्टाने वेश्याव्यवसाय कायदेशीर केला’: आदेशात हे कुठेच नाही

‘2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने वेश्याव्यवसाय कायदेशीर केला. आता पोलिसांना धाड घालता येत नाही. उद्या लायसन्सही मिळेल.’ हा मजकूर अजूनही फिरतो आहे आणि त्यातलं एकही वाक्य खरं नाही.

सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने हा व्यवसाय करणं, एवढाच भाग घेतला तर तो आधीही गुन्हा नव्हता. सप्टेंबर 2020 मध्ये तीन तरुणींना सोडण्याचा आदेश देताना मुंबई उच्च न्यायालयाने हेच सांगितलं होतं. सुप्रीम कोर्टाच्या 19 मे 2022 च्या आदेशाने कायद्याचं एकही कलम बदललं नाही. कोर्टानेच नेमलेल्या समितीच्या दहापैकी सहा शिफारशी लागू झाल्या. पोलिसांनी या बायकांशी माणुसकीने वागावं, अत्याचार झाल्यास उपचार मिळावेत, कंडोम पुरावा धरू नये, अशा त्या आहेत. ‘सज्ञान आणि राजी असेल तर पोलिसांनी मध्ये पडू नये’ ही सगळ्यात गाजलेली शिफारस मात्र केंद्राने आक्षेप घेतलेल्या चारांमध्ये होती.

धाडीचं म्हणाल, तर 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा जसाच्या तसा आहे. त्यात कुंटणखान्याची व्याख्या इतकी सैल आहे, की दोघींनी सोबत असावी म्हणून एका खोलीत धंदा केला तरी ती खोली कुंटणखाना ठरू शकते. म्हणजे एकटीने धोका पत्करायचा, नाहीतर गुन्हा अंगावर घ्यायचा. कलम 4 तर घरात शिरतं: तिच्या कमाईवर जगणारी 18 वर्षांवरची कोणीही व्यक्ती आरोपी होऊ शकते. त्यात तिची म्हातारी आई आली, कॉलेजात शिकणारा मुलगाही आला. गिऱ्हाईकाला खुणावलं म्हणून बाईला पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, तोच गुन्हा पुरुषाने केला तर जास्तीत जास्त तीन. देऊळ, शाळा, दवाखाना यांच्यापासून 200 मीटरच्या आत धंदा हाही गुन्हाच. नागपूरच्या गंगा-जमुना या वेश्यावस्तीला ऑगस्ट 2021 मध्ये पोलिसांनी बॅरिकेड लावले, ते याच कायद्याच्या जोरावर. तो कायदा आजही तिथेच आहे, आणि मोबाईलवर ‘आता आपण मोकळ्या’ असं वाचणारी बाई उद्या त्याच कलमात अडकेल, ही मला सर्वात मोठी काळजी वाटते.

लायसन्सबद्दल आदेशात अवाक्षर नाही. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेसारख्या संघटनांची मागणीही लायसन्सची नाही, गुन्ह्याची कलमं काढण्याची आहे. लायसन्स आलं की नाव-पत्ता सरकारी वहीत चढतो आणि जिला नाव उघड करणं परवडत नाही, ती पुन्हा बेकायदाच राहते.