अजिंक्यताऱ्याची चढण आणि लॅक्टिक अ‍ॅसिडचं 'विष'

"शुगर असेल तर चढ चढू नका. पाय भरून येतात म्हणजे स्नायूंत लॅक्टिक अ‍ॅसिडचं विष साठतं, ते दोन-तीन दिवस निघत नाही. मेटफॉर्मिन चालू असेल तर जिवावर बेततं." हा मेसेज साताऱ्यातल्या आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. (मेटफॉर्मिन म्हणजे शुगरची गोळी.) तो वाचून माझ्या मामांनी अजिंक्यताऱ्यावर जाणं बंद केलं. बारा वर्षांची शुगर आणि तेवढा एकच व्यायाम. म्हणून हे लिहितेय.

आधी विषाचं बघू. स्नायू झपाट्याने साखर फोडू लागला की लॅक्टेट तयार होतं; मेसेज ज्याला लॅक्टिक अ‍ॅसिड म्हणतो, ते शरीरात याच रूपात असतं. ते इंधन आहे. मांडीतल्या जलद तंतूंनी सोडलेलं लॅक्टेट शेजारचे संथ तंतू जाळतात, हृदय जाळतं, आणि यकृत त्यातल्या काहीची परत साखर करतं.

दोन-तीन दिवस साठतं, हेही खोटं. बसल्या जागी रक्तात लॅक्टेट लिटरला १ मिलिमोलच्या आसपास असतं. दमछाक करणाऱ्या चढणीवर ते कैक पटींनी वाढतं, आणि माथ्यावर बसून गप्पा मारल्या की तासाभरात जागेवर येतं. मग दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या का ठणकतात? गड उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखतं ते त्यामुळे.

मेसेजमध्ये खऱ्याचा एक धागा आहे, तो नाकारणार नाही. टाइप २ डायबेटिसमध्ये बसल्या जागीही लॅक्टेट थोडं जास्त आढळतं. स्नायूंतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली इंधन जाळणारी केंद्रं, मंदावलेली असतात, आणि लॅक्टेटची पेशीत ने-आण करणारं एमसीटी-१ हे प्रथिनही कमी असतं. पण यावर उपाय कोणता? डेन्मार्कच्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डायबेटिसवाल्यांच्या एकाच पायाला सहा आठवडे ताकदीचा व्यायाम दिला. त्या पायात एमसीटी-१ वाढलं. शिवाय स्नायू आकुंचन पावला की इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढतो. म्हणजे मेसेज औषधालाच रोग म्हणतोय, आणि याचाच मला राग येतो.

मेटफॉर्मिनमुळे लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस (रक्तात लॅक्टेट साठून रक्ताची आम्लता वाढणं) होऊ शकतो, पण क्वचित. धोका मुख्यतः किडनी निकामी होत असेल, यकृत बिघडलं असेल, मोठं इन्फेक्शन किंवा दारूचा अतिरेक असेल तेव्हा. नजर ठेवायची ती क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीवर.

जपायचं ते वेगळंच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असेल तर चढताना साखर उतरू शकते, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या हव्यात. तळपायाला जखम असेल, डोळ्याचा पडदा बिघडला असेल, तर आधी डॉक्टर. छातीत दुखलं तर तिथेच थांबायचं.

मामा, परवा सकाळी सहाला मी तुमच्या दारात आहे. किडनीचा रिपोर्ट तेवढा आज रात्री पाठवा.