‘लिटल हाउस’ लॉराने लिहिलंच नाही, म्हणे!

लॉरा इंगल्स वाइल्डरचं नाव निघालं की एक दावा हमखास फिरायला लागतो. सार असं: अमेरिकेच्या माळरानावर वस्ती करायला निघालेल्या कुटुंबाची ‘लिटल हाउस’ मालिका लॉराची नव्हेच. पत्रकार मुलगी रोज वाइल्डर लेन हिने ती लिहिली आणि आईचं नुसतं नाव लावलं. पासष्टीची शेतकरीण एकदम लेखिका कशी होईल? शिवाय त्यातला इतिहास बनावट, म्हणून तर २०१८ मध्ये बालसाहित्याच्या पुरस्काराला असलेलं तिचं नाव काढलं!

आधी ते ‘एकदम’ बघू. पहिलं पुस्तक १९३२ मध्ये आलं तेव्हा लॉरा ६५ वर्षांची होती, हे बरोबर. पण १९११ ते १९२४ या काळात ती ‘मिसूरी रुरलिस्ट’ या शेतकऱ्यांच्या नियतकालिकात लिहीत होती. त्याही आधी, १८९४ मध्ये डकोटाहून मिसूरीला बिऱ्हाड हलवताना, तिने वाटेत रोजनिशी ठेवली होती. त्यात उन्हाचा पारा आहे, रस्त्याकडेच्या पिकांची हालत आहे. तीही रोजनेच लिहून दिली म्हणायची सोय नाही. रोज तेव्हा सात वर्षांची होती.

आता मुख्य आरोप. १९९३ मध्ये विल्यम होल्ट्झ यांनी रोजचं चरित्र लिहिलं, त्यात खरी लेखिका रोजच, असं मांडलं आणि तेव्हापासून या दाव्याला बळ आलं. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. १९३० मध्ये लॉराने रेघांच्या वह्यांत पेन्सिलीने आपलं आयुष्य लिहून काढलं. रोजने ते टंकलिखित केलं, मासिकांकडे पाठवलं. कुणी घेतलं नाही. मग त्यातला बालपणाचा भाग वेगळा काढून मुलांसाठी करायची कल्पना पुढे आली, तीही रोजच्या हातून. पुढच्या पुस्तकांवरही तिची कात्री चालली, वाक्यं बदलली, प्रसंग मागेपुढे झाले. लॉराच्या पश्चात सापडलेलं आणि १९७१ मध्ये रोजचा हात न लागता छापलेलं पुस्तक वाचा, ते बरंच कोरडं आहे.

पण याला संपादन म्हणतात, अगदी आक्रमक संपादन म्हणा हवं तर. लॉराच्या हातचे मसुदे आजही जपलेले आहेत. दोघी एका आवारात राहत होत्या तोवरची चर्चा तोंडी झाली आणि हवेत गेली. रोज दुसरीकडे राहायला गेल्यावर तीच चर्चा पत्रांतून सुरू झाली, म्हणून ती आपल्याला वाचता येते. मालिकेतल्या ‘द लाँग विंटर’चंच घ्या. ते १८८०-८१ च्या कडक हिवाळ्यावर आहे. त्या हिवाळ्यात इंगल्सांच्या, म्हणजे लॉराच्या आईवडिलांच्या घरात एक तरुण जोडपं तान्ह्या बाळासह राहत होतं. पुस्तकात त्यांचा मागमूस नाही. घरात परकं माणूस दाखवलं तर गोष्ट बिघडेल, हे लॉराने मुलीला पत्रातून समजावलं. काय ठेवायचं, काय गाळायचं हे नुसत्या नावापुरती असलेली आई ठरवते होय?

आणि उचलेगिरीच शोधायची तर ती उलट्या दिशेने सापडेल. रोजने १९३२ मध्ये स्वतःची कादंबरी आईच्याच आठवणींवर बेतली. लॉराला ते आवडलं नव्हतं.

इतिहास बनावट? १८८०-८१ चा तो हिवाळा नोंदींत आहे. ऑक्टोबरमध्येच हिमवादळ आलं, पुढे रेल्वे बंद पडली आणि इंगल्स राहत त्या डकोटातल्या डी स्मेट गावात माल येईना. कोळसा संपल्यावर गवत पिळून त्याचे दांडे जाळले, कॉफीच्या गिरणीत गहू दळून भाकरी केली. हवामानशास्त्रज्ञांनी जुने आकडे तपासून त्या हिवाळ्याच्या तीव्रतेला दुजोरा दिला आहे. मात्र लॉरा कादंबरी लिहीत होती. आयोवातलं वास्तव्य आणि नऊ महिन्यांचा होऊन गेलेला भाऊ तिने गाळला. आपण सांगितलं ते खरं, पण सगळं खरं सांगितलेलं नाही, असं ती १९३७ मध्ये डेट्रॉइटच्या भाषणात स्वतःच बोलली होती.

राहिला पुरस्कार. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या बालसाहित्य विभागाने नाव बदललं ते मूळनिवासी आणि कृष्णवर्णीयांच्या चित्रणामुळे. लेखन कुणाचं, हा तिथे मुद्दाच नव्हता. आणि चित्रणावरचा आक्षेप मला रास्त वाटतो. कॅन्ससमध्ये इंगल्सांनी झोपडं बांधलं ती जमीन ओसेज या मूळनिवासी लोकांची राखीव जमीन होती, म्हणजे हे कुटुंब तिथे सरळसरळ बेकायदा घुसलेलं. त्यावरच्या पुस्तकात मात्र, तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन (म्हणजे मूळनिवासी) होते, अशा अर्थाचं वाक्य १९३५ मध्ये छापून गेलं. एका वाचकाने प्रकाशकांना खडसावल्यावर लॉराने चूक कबूल केली आणि १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसं’ काढून ‘वसाहतवाले’ आलं. ते मूळ वाक्य तिचं होतं, तसा त्याचा दोषही तिचाच. पुस्तकं रोजची म्हणणाऱ्यांनी हा दोषही रोजच्या खात्यात टाकायचा का, ते आधी ठरवावं.