पृथ्वी वाचवण्याची सोपी पद्धत (पार्किंगसह)

पृथ्वी वाचवायची असेल तर सगळ्यात आधी एक फ्लेक्स छापून घ्या. बाकीचं नंतर बघता येतं. आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या सोसायटीने ५ जूनच्या पर्यावरण दिनासाठी छापलेला फ्लेक्स आत्ता माझ्या खिडकीतून दिसतोय. दहा बाय सहाचा, हिरवागार, खाली कमिटीचे सात फोटो, सातही हात जोडून. तो जिथे बांधलाय तिथे गेल्या मंगळवारपर्यंत सोनमोहर होता. आता अध्येमध्ये काही येत नाही, म्हणून तर फ्लेक्स इतका छान दिसतो.

तेव्हा वाचकहो, तुमच्याही सोसायटीला पर्यावरणासाठी काहीतरी करण्याची हुक्की आली, तर स्वतःचं डोकं चालवू नका. जगातली मोठमोठी माणसं १९९५ पासून, कोविडचं एक वर्ष सोडलं तर दरवर्षी, कुठल्या ना कुठल्या शहरात जमून हेच काम करताहेत. बर्लिनपासून ब्राझीलमधल्या बेलेमपर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या तीस हवामान परिषदा झाल्या. पद्धत तयार आहे, फक्त उचलायची. आमच्या कमिटीने त्यातली एकही परिषद न बघता ती तंतोतंत उचलली, याचं मला राहून राहून कौतुक वाटतं.

पहिली गोष्ट, तारीख लांबची द्या. 'नेट झिरो'साठी, म्हणजे हवेत जितका कार्बन सोडतो तितकाच परत शोषला जावा यासाठी, युरोपने २०५० साल दिलं, चीनने २०६०, आपण २०२१ साली ग्लासगोत जाऊन २०७० दिलं. २०७० साली मी एकशेदोन वर्षांची असेन. काठी टेकत जाब विचारायला जाईन म्हणते, शब्द देणारे कुणी भेटले तर. आमच्या ओल्या कचऱ्याच्या खताचा खड्डा 'पुढच्या आर्थिक वर्षात' होणार आहे. हे पुढचं आर्थिक वर्ष मी इथे राहायला आल्यापासून बघतेय, ते कायम पुढेच असतं.

मग अध्यक्ष निवडा. प्रश्नाशी ज्याचा घरोबा आहे असाच माणूस हवा. २०२३ साली दुबईच्या परिषदेचे अध्यक्ष होते सुलतान अल जाबेर, अबू धाबीच्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख. पुढच्या वर्षी अझरबैजानमधल्या बाकूला यजमान देशाच्या राष्ट्राध्यक्षांनीच परिषदेत सांगून टाकलं, की तेल आणि गॅस ही देवाची देणगी आहे. आमच्या वृक्षसंवर्धन उपसमितीचे अध्यक्ष म्हणजे ज्यांच्या दोन्ही गाड्या सोनमोहराखाली लागायच्या ते काका. देवाचं नाव त्यांनी घेतलं नाही. 'पार्किंग ही काळाची गरज आहे,' एवढंच म्हणाले.

रुसून बाहेर पडता आलं पाहिजे. अमेरिका तापमानवाढ रोखण्याच्या पॅरिस करारातून बाहेर पडली, परत आली, परत बाहेर पडली. आमच्या सी विंगमधल्या वहिनी सोसायटीच्या ग्रुपवर हेच करतात आणि त्यांना कुणी महासत्ता म्हणत नाही.

पैशाचं आश्वासन द्यायला घाबरू नका. श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनमध्ये सांगितलं होतं, गरीब देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर मिळू लागतील. आकडा गाठला २०२२ साली, तोही त्यांच्याच हिशेबाने, आणि त्यात कर्जंही धरून. बाकूला गरीब देशांनी मागितले वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर, ठरले ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत. आपल्या प्रतिनिधींनी भर सभेत त्याला दृष्टिभ्रम म्हटलं. सोसायटीत मात्र झाडासाठी पैसे नव्हते असं म्हणता येणार नाही. झाड पाडायला पैसे निघाले.

घराजवळ खाडी असेल तर तिला एखादा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळवून द्या. ठाण्याच्या खाडीला २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा रामसरचा दर्जा मिळाला. रामसर इराणात आहे, तिथवर वास जात नाही.

आता क्रियापद. हे नीट समजून घ्या, कारण सगळी विद्या इथे आहे. ग्लासगोत मसुद्यात होतं, कोळसा 'बंद करत जायचा'. शेवटच्या तासांत त्याचं 'कमी करत जायचा' झालं, आपल्याच आग्रहाने. परिषदेच्या अध्यक्षांचा व्यासपीठावर गळा दाटून आला, त्यांनी माफी मागितली आणि हातोडा आपटून ठराव मंजूर केला. खनिज इंधनांपासून 'दूर जायचं' हे शब्द ठरावात यायला अठ्ठावीस परिषदा लागल्या. बेलेमला पुढची पायरी लिहायची, तर अंतिम मजकुरातून इंधनाचं नावच गेलं. (त्याच परिषदेच्या मंडपाला शेवटी शेवटी आग लागून सगळ्यांना बाहेर काढावं लागलं, हे मी मनाचं सांगत नाही.) तर शब्द बदलायचा, काम तेच ठेवायचं. आमच्याकडे कुणीही 'तोडणे' म्हणालं नाही. नोटीस बोर्डावर होतं, 'पावसाळ्यापूर्वी धोकादायक फांद्यांची छाटणी'. परवानगीही छाटणीची. ठरावही छाटणीचा, आणि मी स्वतः त्याला हात वर केलाय, कारण एक फांदी खरंच वायरला घासत होती. मंगळवारी मी जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन आले, गेटातून आत शिरले आणि काय बिघडलंय ते आधी कळेचना. उजेड जास्त होता. एवढंच वाटलं, आज उजेड जास्त आहे. मग लाकडाचा भुसा दिसला आणि टेम्पो दिसला. बुंधा गुडघ्याएवढा शिल्लक. मी विचारलं, ही छाटणी? तर करवतवाला म्हणाला, ताई, खालपासून छाटा असं साहेबांनी सांगितलं. खालपासून! म्हणजे माणसाचे केस कापायचे तर मानेपासून सुरुवात करा! पस्तीस वर्षांचं झाड, सकाळी नऊला सुरुवात आणि साडेअकराला टेम्पोत. वरच्या सुक्या फांदीत तांबटाचं बीळ होतं. दोन महिने दिवसभर टुक टुक चालायचं, ते त्या टेम्पोत कुठल्या तुकड्यात गेलं कोण जाणे. सेक्रेटरींना फोन केला तर म्हणाले, 'मॅडम, छाटणी थोडी जास्त झाली.' थोडी जास्त! आणि कशासाठी, तर मे महिन्यात गाड्यांवर पिवळी फुलं पडतात. पक्षी घाण करतात. काच पुसावी लागते. काच! बादलीभर पाणी आणि जुनं फडकं, एवढ्याचा प्रश्न होता तो.

पाचवी की सहावी सूचना, मोजायचं सोडलंय: नुकसानभरपाई जाहीर करा. आमच्याकडे झाडाच्या बदल्यात दहा झाडं लावणार आहेत. कुंड्यांमध्ये. जिन्यात.

आणि हो, एसी घ्या. मी घेतला. आयुष्यात पहिल्यांदा, बुधवारी, हप्त्यावर. माझी खिडकी पश्चिमेला आहे. इतकी वर्षं दुपारी तीनला ओट्यावर पानांची सावली हलायची, आता तिथे पोळपाट तापतो. एसी आतली गरमी उचलून बाहेर टाकतो, म्हणजे माझी गरमी शेजारच्या काकूंच्या खिडकीत जाते. त्यांनी शुक्रवारी घेतला. त्यांची गरमी वर जाते. २०२४ हे साल औद्योगिक युगाआधीच्या तुलनेत दीड अंशाच्या वर गेलेलं पहिलं वर्ष होतं. पॅरिसला २०१५ साली जो आकडा ओलांडू नये म्हणून प्रयत्न करायची शपथ घेतली, तोच दीड. तिथे आमच्या बी विंगने आपला खारीचा वाटा उचललाय. एसीतल्या गॅसवरही किगालीला २०१६ साली करार झालेला आहे, पण सावलीवर कुठे करार होत नाही बहुतेक.

बरं, पुरे झालं हे.

कुणी मला सांगू नका की एवढ्या मोठ्या जगात आपल्या हातून काय होणार. होतं. १९८७ साली माँट्रियलला बसून ठरवलं, फ्रीज आणि स्प्रेमधले ओझोन खाणारे वायू निम्म्यावर आणायचे. पण 'कमी करत जाऊ' वर भागवलं नाही, १९९० साली लंडनला बसून बंद म्हणाले. जगातल्या एकूण एक देशाने मान्यता दिली. तुमचे फ्रीज काही बंद पडले नाहीत, आतला गॅस बदलला, आणि तो ओझोनचा थर हळूहळू भरून येतोय. करायचं असतं तेव्हा करता येतं. दुबई-बाकूवाल्यांना करायचं नाहीये, आणि सोसायटीवाल्यांनो, तुम्हालाही नाहीये. त्यांच्याकडे निदान तेलाच्या विहिरी आहेत. तुमच्याकडे काय आहे हो, दोन गाड्या? त्यातली एक आठवड्यातून एकदा चालू करता, बॅटरी उतरू नये म्हणून. लाज वाटत नाही? तुमची मुलं त्या झाडाखाली चालायला शिकली. गणपतीत तिथेच खुर्च्या मांडत होतो आपण, तेव्हा नाही फुलं पडलेली टोचली. आणि मलाही लाज वाटते. नोटीस नीट न वाचता हात वर केला. 'कशाची छाटणी, कुठवर' एवढं विचारायला जीभ झडली नसती माझी. आता तुम्ही ५ तारखेला त्या बुंध्याशेजारी कुंडी ठेवून फोटो काढणार आणि मी खिडकीतून बघणार.

काल नवीन नोटीस लागली. सर्वसाधारण सभा, रविवारी सकाळी साडेदहा. आजवरची प्रत्येक सभा सोनमोहराखाली झाली. या वेळची शेजारच्या हॉलमध्ये आहे, भाडं मेंटेनन्समध्ये धरलंय. कारण खाली लिहिलंय: 'आवारात ऊन लागत असल्याने'.

लागतं ना ऊन? लागू दे.