पिल्लाला पर्वती चढवायची नसते

"तुमचं पिल्लू दोन महिन्यांचं झालं? मग अ‍ॅजिलिटी आजच सुरू करा!" अशी आरोळी ठोकणारा एक मेसेज सध्या पुण्यातल्या कुत्रेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. अ‍ॅजिलिटी म्हणजे उड्या, बोगदे, काठ्या असे अडथळे कुत्र्याने धावत पार करायचा खेळ. मेसेजमध्ये खाली सहा 'नियम' आहेत. आठव्या आठवड्यापासून उड्या, रोज जिने, कॅल्शियमचा डोस दुप्पट, शिकवताना खाऊ बंद, स्कूटरबरोबर धावणं आणि सहाव्या महिन्यात स्पर्धा. लोक काय वाट्टेल ते पाठवतात म्हणून मी दुर्लक्ष करत होते. पण परवा तो सहकारनगरला ताईकडे पोचला. तिच्याकडे लॅब्रेडॉरचं दहा आठवड्यांचं पिल्लू आहे. भाच्याने लगेच पार्किंगमध्ये दोन विटांवर झाडूची दांडी ठेवून 'कोर्स' मांडला आणि सोमवारपासून रोज पर्वती, असं जाहीर करून टाकलं. आता मात्र उत्तर देणं भाग आहे.

जिन्यांचंच आधी घेते, कारण बाकी बरंचसं नुसतं हास्यास्पद आहे, हे धोक्याचं आहे. मेसेज म्हणतो, "रोज जिने चढवल्याने मागचे पाय भरतात आणि खुब्याचा आजार होत नाही." बरोबर उलटं आहे. नॉर्वेत सुमारे ५०० पिल्लांवर जन्मापासून लक्ष ठेवून एक अभ्यास झाला. तो २०१२ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय संशोधनाच्या नियतकालिकात छापून आला. न्यूफाउंडलंड, लॅब्रेडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड अशा चार जातींची ही पिल्लं होती. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांची जिन्यांवर ये-जा होती, त्यांच्यात हिप डिस्प्लेजियाचा, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा, धोका वाढलेला दिसला. म्हणजे मेसेज ज्या आजारापासून वाचवायचं म्हणतो, त्याच आजाराकडे तो पिल्लाला ढकलतोय. आणि ताईचं पिल्लू त्या चारांतल्याच एका जातीचं, नेमक्या त्याच वयाचं. पर्वतीला शंभरावर पायऱ्या आहेत. भाच्याला चढायच्या असतील तर त्याने खुशाल चढाव्यात.

हा आजार बराचसा आनुवंशिक आहे, हे खरं. पण ज्यांना तो पुढे होतो त्यांचेही खुबे जन्मतः ठीक असतात. सांधा सैल पडणं, खोबणी उथळ राहणं हे नंतरच्या काही महिन्यांत घडतं. त्यामुळे या महिन्यांत आपण काय करतो याला महत्त्व आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, ती मेसेजवाल्यांनी सोडा, घाबरून पिल्लाला पिंजऱ्यात कोंडणाऱ्यांनीही वाचावी. याच वयात जी पिल्लं मोकळ्या जागेत, पट्ट्याविना, आपल्या मर्जीने हुंदडत होती, त्यांच्यात धोका कमी होता. शेतावर वाढलेल्यांतही कमी. हा अभ्यास मोठ्या जातींचा आहे. शेजारच्यांच्या पॉमेरियनला तो जसाच्या तसा लावू नका. पण लॅब्रेडॉरवाल्यांना यातून पळवाट नाही.

उड्यांचं कारण वेगळं. पिल्लाची हाडं टोकांजवळच्या कूर्चेच्या मऊ पट्ट्यांतून वाढतात. डॉक्टर त्यांना ग्रोथ प्लेट म्हणतात. ही पट्टी आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा कमजोर असते. मोठ्या कुत्र्याचा जिथे पाय मुरगळेल, तिथे पिल्लाची पट्टीच फाटू शकते. पुढच्या पायाच्या दोन हाडांपैकी एकाची पट्टी अशी वेळेआधी बंद पडली की दुसरं वाढत राहतं आणि पाय वाकडा होतो. लॅब्रेडॉरसारख्या जातीत या पट्ट्या भरून यायला साधारण वर्ष-सव्वा वर्ष लागतं, अवाढव्य जातींत त्याहून जास्त, छोट्या जातींत कमी. शंका असेल तर एक्स-रे काढून कळतं. "सहा महिन्यांनंतर शरीर कडक होतं, मग उडी बसत नाही" हे मेसेजमधलं वाक्य कुठून आलं कोण जाणे.

स्पर्धेच्या नियमावर तर हसूच येतं. अ‍ॅजिलिटीचा हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात सुरू झाला, तोही दोन कार्यक्रमांमधला वेळ भरून काढायला, घोड्यांच्या शो जंपिंगवरून. त्याच ब्रिटनच्या केनेल क्लबच्या, म्हणजे कुत्र्यांच्या स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, नियमाने १८ महिन्यांखालचं कुत्रं स्पर्धेत उतरूच शकत नाही. आंतरराष्ट्रीय संघटना एफसीआयची अटही १८ महिन्यांची. अमेरिकन केनेल क्लब जरा सैल, त्यांचे १५ महिने. मेसेजमधला सहा महिन्यांचा 'इंटरनॅशनल चॅम्पियन' नक्की कुठे पळतो?

कॅल्शियम तर अजिबात नको. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, ते शोषलं जातं आणि हाडांची वाढच बिघडते. पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाणं चालू असेल तर वरून सिरप ओतायची गरज नाही. घरचं जेवण देत असाल तर डॉक्टरांना विचारा, ग्रुपला नको. खाऊने कुत्रं लाचखोर होतं म्हणे. खाऊशिवाय शिकवून दाखवा. स्कूटरबद्दल काय बोलणार? डांबरी रस्त्यावर, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये, दहा आठवड्यांचं पिल्लू!

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. "लवकर सुरुवात करा" हे बरोबर आहे. फक्त उडीपासून नाही. आत्ता हाक मारल्यावर धावत येणं, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी सोबत चालणं, 'थांब' म्हटल्यावर थांबणं, एवढं खेळाखेळात शिकवा, एका वेळी दोन-तीन मिनिटं. लाकडी पाटावर मागचे दोन पाय ठेवायला लावा. आपल्याला मागचेही पाय आहेत हे बऱ्याच पिल्लांच्या गावीच नसतं. जमिनीवर आडवी ठेवलेली शिडी ओलांडू द्या. छोट्या, सरळ बोगद्यातून जाऊ द्या. भाच्याची दांडीही चालेल, विटा काढून जमिनीवर ठेवली तर. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर सतरंजी अंथरा, घसरणंही सांध्यांना वाईटच.

लसी पूर्ण झाल्या नसतील तर भटकी कुत्री फिरतात तिथे खाली सोडू नका, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूची भीती असते. पण कोंडूनही ठेवू नका. तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जग ओळखीचं होण्याचं वय असतं. कडेवर घेऊन लक्ष्मी रोडवरून आणा, ढोलपथकाचा सराव लांबून ऐकवा. घाबरलं तर आणखी लांब जा.

उंच उड्या, ए-फ्रेम (दोन उतरत्या फळ्यांचा चढ-उतार), सी-सॉ (डुलणारी फळी) हे सगळं डॉक्टरांनी हाडं भरल्याचं सांगितल्यावर, हळूहळू उंची वाढवत. काठ्यांमधून नागमोडी पळणं सगळ्यात शेवटी, त्यात पाठीला आणि खांद्यांना सारखे झटके बसतात. आणि पहिल्याच दिवशी पिल्लाला दांडीवरून उडवून दाखवणारा ट्रेनर भेटला, तर त्याला पैसे द्यायच्या आधीच घरी या.